साखरेवर झाकण घालण्याआधी : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व संचालक आणि कार्यकारी संचालक,
राज्यातील सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : शुगर हाऊसमधील साखरेच्या धुळीचा स्फोट आणि गाळप सुरू होण्याआधी उरकायची कामे

स. न. वि. वि.

आपल्या डिस्टिलरीच्या फाटकावर मोबाइल काढून ठेवावा लागतो. आत दिवे फ्लेमप्रूफ, टाक्यांना अर्थिंग, फोमच्या पंपाची चाचणी वहीत नोंदलेली. हे सगळे योग्यच आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्यावर पेटण्याजोगी वाफ जमते ते, १३ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक दिवसांत उघड्या इथेनॉलवर पेटणारी वाफ असतेच. पण त्याच आवारात चालत शुगर हाऊसमध्ये, म्हणजे साखर वाळवून, चाळून पोत्यांत भरतात त्या विभागात, गेले की चित्र पालटते. साध्या ट्यूबलाइट, केबल ट्रेवर पांढरा थर, साखर वर नेणाऱ्या बकेट एलिव्हेटरच्या बेअरिंगवर साखर वितळून झालेले तपकिरी कवच, आणि पाळी संपताना एक कंत्राटी कामगार हातात एअर होज घेऊन सगळीकडे ‘हवा मारत’ असतो. खाण्याची वस्तू म्हणून साखरेला कोणी भीत नाही. ही धूळ ढग होऊन पेटली तर बंद जागेत ८ बारच्या आसपास दाब तयार करू शकते, आणि साधी विटांची भिंत त्याच्या एका अंशालाही टिकत नाही.

यावर ठरलेले उत्तर असते : आपली साखर जाड असते. ते अर्धे खरे आहे. एम-३० या प्रतीच्या साखरेचा मिलिमीटरपेक्षा मोठा दाणा स्फोट घडवत नाही. पण तो दाणा ग्रासहॉपरवर (साखर हिसक्यांनी पुढे सरकवणाऱ्या पन्हाळीवर) घासला जातो, एलिव्हेटरच्या बकेटमधून आपटतो, ग्रेडरच्या जाळीवर नाचतो आणि साठवणीच्या बिनमध्ये काही मीटर खाली पडतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या कडा झडतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला माल धोक्याच्या हिशेबात घ्यायचा असतो, आणि ७५ मायक्रॉनखालचा तर खरा स्फोटक. आपला डस्ट कॅचर दिवसभर गोळा करतो आणि चीफ केमिस्ट मेल्टरला (साखर पुन्हा विरघळवण्याच्या टाकीला) पाठवतात, ती हीच धूळ. हिशेबात ती ‘रिकव्हरी’ म्हणून दिसते, एवढेच.

पेटण्यासाठी हवेत किती धूळ लागते? बारीकपणा आणि ओलाव्यानुसार आकडे बदलतात, पण घनमीटरला १०० ग्रॅम हा कामचलाऊ आकडा धरावा. अशा ढगात समोरचे काही दिसत नाही. ४० ग्रॅमच्या ढगातूनही २ मीटरवरचा २५ वॉटचा दिवा दिसेनासा होतो. म्हणून ‘एवढी धूळ आमच्याकडे कधीच उडत नाही’ असे जे म्हटले जाते, ते खोलीपुरते खरे आहे. चालत्या एलिव्हेटरच्या आवरणात, बिनच्या तोंडाशी आणि बॅग फिल्टरच्या आत मात्र असा ढग कामाच्या प्रत्येक तासाला असतो. तिथे ठिणगी पडली की पहिला स्फोट छोटा होतो. त्याच्या झटक्याने तुळया, ट्रे आणि फरशीवरची धूळ उधळते आणि मागून येणारी ज्वाला तिला पेटवते. माणसे दगावतात ती बहुधा या दुसऱ्या स्फोटात.

त्या दुसऱ्या स्फोटाला किती थर पुरतो, हे कागदावर मांडून पाहावे. सैल धुळीची घनता घनमीटरला ५०० किलो धरली, तर १ मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. खोलीची उंची ५ मीटर. सगळी धूळ उधळली की घनमीटरला बरोबर १०० ग्रॅम. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांमध्ये वर्षानुवर्षे वापरलेली मर्यादा याहून कडक आहे : १ मिलिमीटरच्या आतला, साधारण ०.८ मिलिमीटरचा थर, तोही मजल्याच्या ५ टक्के क्षेत्रावर. एक रुपयाचे नाणे याहून जाड असते. तपासणीची सोपी रीत अशी, की तुळईवर किंवा पत्र्यावर बोट फिरवावे आणि खालच्या रंगाकडे पाहावे. रंग ओळखू येत नसेल तर साफसफाईची वेळ टळून गेली आहे.

हे सगळे एकाच ठिकाणी कसे जुळून येते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले आहे. पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या रिफायनरीत ७ फेब्रुवारी २००८ रोजी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोटांची मालिका झाली. १४ कामगार गेले, ३६ जण गंभीर भाजले वा जखमी झाले. रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या तिथल्या सरकारी केमिकल सेफ्टी बोर्डाने २००९ मध्ये दिलेला तपास अहवाल प्रत्येक चीफ इंजिनिअरने वाचावा असा आहे. सायलोंच्या, म्हणजे साखर साठवण्याच्या उंच कोठ्यांच्या, खाली बोगद्यात एक स्टीलचा बेल्ट कन्व्हेयर होता. कित्येक वर्षे तो उघडा होता. त्यावर साखर सांडायची, धूळ उडायची, पण बोगद्याच्या मोठ्या जागेत ती विरळ राहायची. साखरेत कचरा पडू नये म्हणून २००७ मध्ये त्या कन्व्हेयरला चारही बाजूंनी स्टेनलेस स्टीलचे पत्रे बसवले. हेतू चांगला होता. मात्र आतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही आणि स्फोट बाहेर सोडणारे व्हेंट बसवले नाहीत. सायलोच्या तोंडाशी साखरेची ढेकळे अडकली की बेल्टवरचा माल बाजूला सांडायचा, आणि आता तो बंद डब्यात धुरळा करू लागला. तपासकांच्या मते ठिणगीचे काम बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने केले. पहिल्या स्फोटाने पॅकिंगच्या इमारतींमध्ये मजल्या-मजल्यांवर साचलेली धूळ उठवली आणि पुढचे स्फोट तिने केले. काँक्रीटचे मजले वर उचकटले गेले, दिवे गेले, अंधारात लोकांना बाहेरची वाट सापडेना. बाहेर पडण्याचा सराव त्यांच्याकडून कधी करून घेतलेला नव्हता.

हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण त्या पत्र्यांमध्ये आहे. आपली जुनी शुगर हाऊस चहूबाजूंनी उघडी, उंच, वर पत्रा. कोणी तसा विचार केला नसेल, पण स्फोटाच्या दृष्टीने ती बरी होती. आता रिफाइंड साखर, छोटे पॅकिंग, शीतपेय, बिस्किट आणि औषध कंपन्यांचे ऑडिट आले. ऑडिटर म्हणतो कन्व्हेयर झाका, खिडक्या बंद करा, फॉल्स सीलिंग करा. आपण तसे करतो, आणि बिलही लगेच मंजूर होते. झाकण घालू नका असे आमचे म्हणणे नाही. अन्नपदार्थ झाकलाच पाहिजे. पण ज्या दिवशी पत्रा बसतो त्या दिवशी ते यंत्र बदलते, आणि त्या बदलाची तपासणी करणारा माणूस आज कोणत्याच कागदावर नाही. आवरणाचे काम सुटे मंजूर करू नये. धूळ ओढण्याचा पॉइंट, व्हेंट, साफसफाईचे दार आणि अर्थिंग यांच्यासह एकच अंदाजपत्रक मागवावे. यातले एकही वगळले असेल तर फाइल परत पाठवावी.

फॉल्स सीलिंगबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : साखर हाताळणाऱ्या हॉलमध्ये ते नको. त्याच्या वरच्या पोकळीत बारीक धूळ सहज शिरते, हंगामभर साचते आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. ऑडिटरला गुळगुळीत छत हवे असेल तर पत्र्याखाली सांधे बंद केलेले इन्सुलेटेड पॅनेल थेट बसवावे आणि पोकळी ठेवू नये. तुळयांच्या सपाट माथ्यांवर ४५ ते ६० अंशांच्या उताराचे पत्रे ठोकले तर धूळ टिकत नाही. हे काम फॅब्रिकेशन शॉपमध्ये होते.

धूळ ओढण्याच्या यंत्रणेत सर्वात जास्त फसवणूक होते, कारण पंखा चालू असतो आणि आवाज येतो. डक्टमधला वेग सेकंदाला १८ ते २० मीटर असावा. तो कमी झाला की आडव्या नळीत साखर बसू लागते, नळी अरुंद होते आणि शेवटी चोंदते. चोंदण्याचे नेहमीचे कारण असे, की मूळ रचना धूळ ओढणाऱ्या सहा हुडांची (तोंडांची), आणि दोन हंगामांत कोणीतरी तीन नवे हुड जोडलेले. नव्या हुडाजवळ छान ओढ लागते, जुन्यांची जाते. प्रत्येक शाखेवर हवेचा वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीसाठी एक भोक आणि झाकण करून घ्यावे, महिन्यातून एकदा वेग मोजावा आणि आकडा नळीवरच लिहावा.

साखरेसाठी आमची पसंती ओल्या स्क्रबरला, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने धूळ पकडणाऱ्या यंत्राला, आहे. धूळ पाण्यात विरघळते, गोड पाणी मेल्टरला जाते, आणि कोरड्या धुळीचा साठा कुठे उरत नाही. मात्र पाणी थांबले की तोच स्क्रबर कोरडा डबा होतो. म्हणून पाण्याच्या लाइनवर फ्लो स्विच हवा आणि तो पंख्याच्या स्टार्टरशी जोडलेला हवा : पाणी बंद, पंखा बंद. नोझल पाळीला एकदा पाहावेत, कारण पाण्याचे ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचे प्रमाण, वाढू दिले की ते चिकटून बंद होतात. कोरडा बॅग फिल्टर असेलच तर तो इमारतीबाहेर, व्हेंटचे तोंड माणसांच्या वाटेपासून दूर, खाली रोटरी एअरलॉक आणि येणाऱ्या डक्टवर उलटी ज्वाला अडवणारा फ्लॅप व्हॉल्व्ह, एवढे हवेच. फिल्टरला व्हेंट आहे पण डक्टवर अडवणूक नाही, हे सर्रास दिसते. मग स्फोटाची ज्वाला डक्टमधून पॅकिंग हॉलमध्ये परत येऊ शकते.

आता एलिव्हेटर. एकाच यंत्रावर लक्ष द्यायचे झाले तर ते हेच. आत कायम ढग, वर-खाली बेअरिंगे, आणि उंच आवरण धुराड्यासारखे ज्वाला वर नेते. बिघाड ठरलेले असतात. बेल्ट सरकतो आणि बकेट आवरणाला घासते. खालच्या बूटमध्ये (एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत) साखर भरून बसते, बेल्ट अडकतो, वरची पुली त्याच्याखाली फिरत राहते आणि घर्षणाने तापते. मोटरचा ओव्हरलोड ट्रिप होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बेअरिंग आवरणाच्या आत असेल तर त्यावर साखर चढते, वितळते, जळते. उपाय महागडे नाहीत. टेल शाफ्टवर (खालच्या पुलीच्या दांड्यावर) स्पीड स्विच, वेग २० टक्के पडला की मोटर बंद आणि मागचा कन्व्हेयरही बंद. वर-खाली बेल्ट सरकल्याचे स्विच. बेअरिंगे आवरणाबाहेर आणि प्रत्येकावर तापमानाचा सेन्सर. बेल्ट अँटिस्टॅटिक. जमेल तिथे स्टीलऐवजी खाद्यदर्जाच्या प्लास्टिकच्या बकेट. व्हेंट पॅनेल एलिव्हेटरच्या डोक्यावर आणि उभ्या आवरणावर ठरावीक अंतराने हवीत आणि ती उघडतील ती इमारतीबाहेरच. एलिव्हेटर हॉलच्या मधोमध असेल तर व्हेंटला लांब नळी जोडून भागत नाही. नळीची लांबी वाढते तसा आतला दाब वाढतो. नवा प्रकल्प असेल तर एलिव्हेटर बाहेरच्या भिंतीला घ्यावा. स्पीड स्विच बसवलेला पण ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून वायर शॉर्ट केलेला, हेही पाहायला सांगावे. ट्रिप सारखा होत असेल तर बूट भरतोय, असा त्याचा अर्थ असतो.

ठिणगीचे बोलायचे तर साखरेच्या ढगाला पेटायला दहाच्या काही पट मिलिज्यूल ऊर्जा लागते, इथेनॉलच्या वाफेपेक्षा कित्येक पट जास्त. ही जमेची बाजू. पण हॉपर आणि ग्रेडर यांच्यामधली कॅनव्हासची बाही पाहावी. कापड वीज वाहून नेत नाही, त्यामुळे बाहीच्या पलीकडचा धातूचा भाग तरंगता राहतो आणि घसरणाऱ्या साखरेने भारित होतो. अशा भागाची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) १००० पिकोफॅरड आणि विद्युतदाब १० किलोव्होल्ट धरला तर साठलेली ऊर्जा ५० मिलिज्यूल भरते. पुरेशी आहे. म्हणून प्रत्येक बाहीवरून तांब्याच्या वेणीचा जंपर न्यावा, बोल्टखालचा रंग खरवडावा आणि रोध १० ओहमच्या आत असल्याचे मीटरने पाहावे. ऑफ सीझनमध्ये बाह्या बदलल्या जातात आणि जंपर बऱ्याचदा स्क्रॅपच्या ड्रममध्ये जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा त्यानंतर येते.

विजेची उपकरणे धूळबंद, म्हणजे आयपी-६ एक्स दर्जाची हवीत. ढग साधारण ३५० अंशांना पेटतो असे धरले तर कोणत्याही पृष्ठभागाचे तापमान त्याच्या दोन तृतीयांशांपेक्षा, म्हणजे २३३ अंशांपेक्षा, वर जाता कामा नये. थर चढलेली मोटर किंवा हॅलोजन दिवा ही मर्यादा ओलांडू शकतो, कारण थर उष्णता कोंडून धरतो. पॅनेल शक्यतो शुगर हाऊसबाहेर काढावेत.

हवा मारणे बंद करावे. हे एक वाक्य ठरावात असले तरी पत्र लिहिल्याचे सार्थक होईल. हवेने धूळ साफ होत नाही, ती खालच्या तुळईवरून वरच्या तुळईवर जाते, आणि मधल्या पाच मिनिटांत आपण स्वतःच ढग करून देतो. जिथे धुता येते तिथे गरम पाणी वापरावे. साखर विरघळते ही या उद्योगाला मिळालेली सवलत आहे; कोळसा किंवा ॲल्युमिनियमच्या धुळीवर काम करणाऱ्यांना ती नाही. धुतलेले पाणी गोड पाण्याच्या टाकीत घ्यावे. जिथे पाणी चालत नाही तिथे धुळीसाठी प्रमाणित व्हॅक्यूम क्लीनर, वीजवाहक होजसह. घरगुती किंवा बाजारातला साधा क्लीनर नको, त्याच्या मोटरच्या ठिणग्या धुळीच्या वाटेत असतात. हात पोहोचतच नाही अशा सांदीत हवा लागलीच तर आधी व्हॅक्यूम, यंत्रे बंद, आसपास वेल्डिंग नाही, आणि दाब २ बारच्या आत. साफसफाई वरून खाली करावी. ती पाळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत कोंबू नये.

वेल्डिंगचे परमिट डिस्टिलरीत कडक असते, शुगर हाऊसमध्ये तोंडी. गाळप चालू असताना हॉपर फाटला की ‘दोन टाके मारून द्या’ म्हणतात. तिथली पद्धत अशी हवी : लाइन बंद, एलिव्हेटरचा बूट आणि हॉपर रिकामे करून धुतलेले, डक्टची तोंडे ओल्या गोणपाटाने किंवा अग्निरोधक कापडाने बंद, चोहोबाजूंना ११ मीटरपर्यंतचा थर साफ, आणि जाळीच्या मजल्यातून ठिणग्या जिथे पडतील त्या खालच्या मजल्यावरही एक माणूस पाण्याची होज घेऊन उभा. काम संपल्यावर किमान एक तास तिथे कोणीतरी थांबले पाहिजे.

जळका वास आला तर काय करायचे, हे ऑपरेटरला पाठ हवे. जळक्या कॅरॅमलचा वास म्हणजे आत कुठेतरी बेअरिंग किंवा थर तापला आहे. एलिव्हेटरचे दार उघडून डोकावू नये. दार उघडले की हवा आत जाते, बसलेला माल उधळतो आणि तोंड दारात असते. फीड बंद, यंत्र बंद, पंखा बंद, माणसे बाहेर, मग अग्निशमन. होजचा सरळ फवारा थरावर मारू नये, तो थराचा ढग करतो. धुक्यासारखा फवारा दुरून वापरावा. पावडरच्या सिलिंडरचा जोरदार झोतही धुळीच्या ढिगावर तेच करतो.

गंधकाबद्दल थोडक्यात. सल्फिटेशन, म्हणजे गंधकाच्या धुराने रस स्वच्छ, करणाऱ्या कारखान्यात सल्फर बर्नरजवळ गंधक फोडला जातो. त्याची धूळ साखरेपेक्षा बरीच हळवी : घनमीटरला ३५ ग्रॅमच्या आसपास पुरते आणि ठिणगी अगदी क्षुल्लक लागते. गंधकाचे गोदाम वेगळे, बर्नरपासून दूर, एका पाळीला लागेल एवढाच माल बर्नरजवळ. पोती ओढायची नाहीत, लोखंडी फावडे नाही, आणि आगीत निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी श्वसनसंच दाराबाहेर टांगलेला.

पिठीसाखरेची चक्की कोणी चालवत असेल तर तिच्या तोंडाशी लोहचुंबक हवा आणि ती वेगळ्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला व्हेंट देऊन. तिथे मुद्दाम धूळच बनवली जाते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीबद्दल हेच सांगितले होते : धूळ कोंडा, काढा, साचू देऊ नका, ठिणगी दूर ठेवा, आणि यंत्र दाब सोसणारे नसेल तर व्हेंट, चोक, बॅफल (स्फोटाचा प्रसार अडवणाऱ्या सोयी) द्या. कायद्याचे पुस्तक बदलले तरी मालकाची ही जबाबदारी कमी होत नाही.

संचालक मंडळाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरते त्याच सभेत शुगर हाऊसची धूळ-तपासणी विषयपत्रिकेवर घ्यावी. डस्ट कॅचरमधली, तुळईवरची आणि बिनमधली अशी प्रत्येकी एक किलो धूळ २० लिटर गोलकात स्फोट घडवून मोजणारी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावी. आपल्या साखरेचे आकडे आले की व्हेंटचे क्षेत्रफळ अंदाजाने ठरवावे लागत नाही. आवरणाच्या मागच्या पाच वर्षांतल्या कामांची यादी चीफ इंजिनिअरकडून मागवावी आणि प्रत्येकासमोर धूळ ओढण्याची सोय आहे का, व्हेंट आहे का, हे लिहून घ्यावे. पहिल्या पोत्याचे पूजन होण्याआधी चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि सुरक्षा अधिकारी या तिघांच्या सह्यांचा एक कागद असावा : स्पीड स्विच तपासले, फ्लो स्विच तपासला, जंपर मोजले, थर काढला, बाहेर पडण्याचा सराव रात्रपाळीसह आणि दिवे घालवून घेतला.

साफसफाईचे कंत्राट सध्या माणसांच्या संख्येवर निघते. ते साफ केलेल्या उंचीवर आणि क्षेत्रावर निघावे, मचाण, सेफ्टी बेल्ट आणि व्हॅक्यूम कारखान्याने द्यावेत, आणि ‘थर दिसला, लाइन थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार त्या कंत्राटातल्या मुकादमाला लेखी असावा. आज तो अधिकार त्याला नाही, आणि वरच्या तुळया रोज पाहणारा दुसरा माणूसही नाही.

कळावे,
साखर उद्योगातील सुरक्षेचे काम करणारे काही अभियंते व केमिस्ट